काउंटरवेटचा प्रोपेलर आणि स्पिनर बसवताना: आधी तेलाची दिशा, मग टॉर्क

काउंटरवेट असलेला कॉन्स्टंट-स्पीड प्रोपेलर (ब्लेडची पिच, म्हणजे कोन, बदलून आरपीएम स्थिर ठेवणारा) वरवर पाहता नेहमीच्या कॉन्स्टंट-स्पीड प्रोपेलरसारखाच असतो. फ्लँज तशीच, स्टड सहाच, तेल पाठवून-सोडून पिच बदलणारा गव्हर्नरही त्याच जागी. आतलं काम मात्र उलट चालतं. एका इंजिनाच्या विमानावरच्या साध्या प्रोपेलरमध्ये गव्हर्नरकडून आलेलं तेल ब्लेडना कोर्स पिचकडे (मोठ्या कोनाकडे, जिथे आरपीएम उतरतात) ढकलतं. तेल सुटलं की स्प्रिंग आणि फिरत्या ब्लेडचा स्वतःचा पीळ त्यांना फाइनकडे (लहान कोनाकडे) आणतो. काउंटरवेटच्या प्रोपेलरमध्ये तेल ब्लेडना फाइनकडे नेतं, आणि ब्लेडच्या मुळाशी बसवलेली वजनं फिरण्याच्या जोरावर त्यांना सतत कोर्सकडे ओढत राहतात.

ही उलटी रचना मुख्यतः कसरतींच्या विमानांसाठी आहे. उलट्या उड्डाणात तेलाचा दाब तुटला तर साधा प्रोपेलर फाइनला जातो आणि इंजिन लाल रेषेपलीकडे (कमाल आरपीएमच्या वर) पळतं. काउंटरवेटचा प्रोपेलर अशा वेळी कोर्सला जातो, आरपीएम खाली बसतात आणि इंजिन वाचतं. म्हणून पिट्स या कसरतींच्या विमानावर आणि कसरतीसाठी बांधलेल्या आरव्ही-७, आरव्ही-८ या किटच्या विमानांवर तो घेतला जातो. एमटी या कंपनीच्या प्रोपेलरच्या मॉडेल क्रमांकात, उदाहरणार्थ एमटीव्ही-९-बी-सी, हबच्या (ब्लेड धरणाऱ्या मधल्या भागाच्या) नावाअखेरचं ‘सी’ म्हणजे काउंटरवेट.

पुढचं सगळं चार सिलिंडरच्या ३६० मालिकेतलं लायकमिंग इंजिन डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. तुमच्या प्रोपेलरच्या पुस्तकात आकडा वेगळा असेल तर पुस्तकाचाच आकडा धरायचा.

गव्हर्नर

बॉक्स उघडल्यावर आधी गव्हर्नरची पाटी वाचा. साध्या प्रोपेलरचा आणि काउंटरवेटच्या प्रोपेलरचा गव्हर्नर बाहेरून एकच वाटू शकतो, दोन्ही त्याच पॅडवर बसतात, दोघांना केबलही तीच लागते. फरक आत असतो आणि तो फक्त मॉडेल क्रमांकावरून कळतो. प्रोपेलर बनवणाऱ्याच्या यादीत तुमच्या हबसमोर जो क्रमांक छापलाय तोच हवा. जुना विकत घेतलेला गव्हर्नर असेल तर तो ओव्हरहॉल करताना कोणत्या दिशेसाठी जुळवला, याचा कागद मागा.

चुकीचा गव्हर्नर बसला तर काय होतं हे नीट समजून घ्या, कारण जमिनीवर ते अर्धंच दिसतं. साधा गव्हर्नर आरपीएम कमी आहेत असं पाहून प्रोपेलरमधलं तेल सोडून देतो, कारण त्याच्या हिशोबाने तेल सोडलं की पिच फाइन होते. तुमचा प्रोपेलर मात्र तेल सुटताच कोर्सला जातो. त्यामुळे टेकऑफच्या पॉवरवर इंजिन घुसमटतं आणि आरपीएम चढतच नाहीत. ‘पिच स्टॉप जरा जास्त असेल’ म्हणून कोणी पिचची फाइनकडची मर्यादा ठरवणारा तो स्क्रू फिरवायला घेतो. खरा धोका पुढे आहे: डाइव्हमध्ये आरपीएम एकदा का ठरवलेल्या आकड्यावर गेले की हाच गव्हर्नर तेल पाठवतो, पिच फाइन होते, आरपीएम आणखी वाढतात, तो आणखी तेल पाठवतो. इथून इंजिनाला थांबवणारं काही उरत नाही.

गव्हर्नरखालच्या गॅस्केटला बारीक जाळी असते. जाळीचा फुगीर भाग गव्हर्नरकडे. गव्हर्नर मागच्या पॅडवर असेल तर तेल पुढे नेणारा बाहेरचा पाइप स्टेनलेस स्टीलचा आणि त्याची फिटिंगं स्टीलची घ्या, ॲल्युमिनियमची नकोत. गव्हर्नर इंजिनाच्या तेलाचा दाब वाढवून सुमारे ३०० पीएसआयपर्यंत नेतो. हा पाइप तडकला तर इंजिनाचं सगळं तेल त्या वाटेने बाहेर जातं. पाइपला आधार देणारा क्लँप म्हणूनच महत्त्वाचा.

केबल लावताना पॅनेलवरचा प्रोपेलरचा नॉब पूर्ण पुढे असता गव्हर्नरचा हात आपल्या स्टॉपला टेकलेला हवा आणि नॉब पॅनेलपासून ३ ते ६ मिमी अलीकडे थांबायला हवा. नॉब आधी टेकला तर गव्हर्नर पूर्ण आरपीएमला कधीच पोचत नाही.

क्रँकशाफ्टच्या आतले प्लग

इंजिनावर याआधी फिक्स्ड पिच (पिच न बदलणारा) प्रोपेलर असेल तर क्रँकशाफ्टच्या पोकळीत पुढच्या तोंडाशी एक बंद प्लग असतो आणि आत मागे भोक पाडलेला दुसरा. कॉन्स्टंट-स्पीडसाठी पुढचा प्लग काढायचा आणि मागचा भोकाचा काढून तिथे अखंड बसवायचा. तेव्हाच गव्हर्नरचं तेल क्रँककेसमध्ये न सांडता हबकडे जातं. लायकमिंगच्या सर्व्हिस इन्स्ट्रक्शन १४३५ मध्ये हा बदल दिला आहे. पुढचा प्लग काढला की टॉर्च घालून पोकळीची आतली भिंत पाहा. फिक्स्ड पिचवर चाललेल्या ३२० आणि ३६० इंजिनांत इथे गंजाचे खड्डे पडतात आणि त्यातून क्रँकशाफ्ट तडकू शकतो. या तपासणीसाठी अमेरिकेच्या विमान नियामक एफएएने १९९८ मध्ये ९८-०२-०८ हा निर्देश काढला होता.

फ्लँजमध्ये दाबून बसवलेल्या बुशची (आटे असलेल्या नळीची) लांबी आणि जागा नव्या हबमागच्या खाचांशी जुळते का, हे प्रोपेलर उचलण्याआधी मोजा. बुश लांब असेल तर हब फ्लँजला टेकत नाही, आणि टॉर्क तर नीट लागल्यासारखा वाटतो.

चढवणं आणि आवळणं

मॅग्नेटो बंद, मिक्श्चर आयडल कटऑफला (इंधन बंद), बॅटरी सुटी, प्रत्येक सिलिंडरचा एक स्पार्कप्लग बाहेर. चाकांना अडण, शेपटी बांधलेली.

स्टार्टरचा रिंग गिअर आधी चढवायचा. त्याच्या आधारावर एका भोकाशी ‘ओ’ कोरलेलं असतं आणि फ्लँजच्या एका बुशपाशीही. दोन्ही समोरासमोर हवेत. भोकं सहा असल्याने रिंग सहा प्रकारे बसू शकते आणि त्यातल्या पाच ठिकाणी टायमिंगच्या खुणा खोट्या ठरतात. त्याआधी अल्टरनेटरचा पट्टा गळ्यात घालायला विसरू नका. तो नंतर घालायचा तर सगळा प्रोपेलर पुन्हा उतरवावा लागतो. काही जण एक जादा पट्टा आत गुंडाळून बांधून ठेवतात. ही सवय चांगली आहे, फक्त तो घट्ट बांधा.

तीन ब्लेडचा प्रोपेलर काउंटरवेटसह पंचवीस-तीस किलोंच्या आसपास भरतो. दोघांनी धरावा, नाहीतर गॅरेजमधल्या चेनपुलीला रुंद पट्ट्याने टांगावा. पट्टा ब्लेडच्या मुळाशी घ्या. काउंटरवेटला दोरी अडकवून उचलायचं नाही.

हबच्या मागच्या खाचेतली ओ-रिंग नवी हवी, पुस्तकात दिलेल्या क्रमांकाचीच. तिला इंजिन ऑइलचा हात लावा आणि ती पिळली गेलेली नाही हे बोट फिरवून पाहा. फ्लँज आणि हबचा चेहरा कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसा. मध्ये रंगाचा पापुद्रा किंवा लोखंडाचा कण राहिला तर ब्लेड एका पातळीत फिरत नाहीत.

हार्टझेल कंपनीच्या हबमध्ये स्टडवर नट पिनने पक्का केलेला असतो, म्हणजे नट फिरवला की स्टडच हबमधून फ्लँजमधल्या आट्यांत शिरतो. जागा इतकी कमी असते की एकच स्टड पूर्ण आवळता येत नाही, तो फ्लँजला अडतो. सहाही स्टड पाव-पाव आट्याने, आळीपाळीने पुढे न्यावे लागतात. पहिला आटा हातानेच धरला पाहिजे. हात अडला तर थांबा, मागे घ्या, पुन्हा सरळ धरा. क्रँकशाफ्टच्या बुशमधला आटा एकदा गेला की दुरुस्ती महाग पडते.

१/२-२० आट्यांच्या स्टडला हार्टझेलच्या बऱ्याच हबवर ६० ते ७० फूट-पौंड टॉर्क असतो, म्हणजे साधारण ८१ ते ९५ न्यूटन-मीटर. आधी समोरासमोरच्या क्रमाने सगळे ४० फूट-पौंडांना आणा, मग शेवटचा आकडा. आट्यांना पुस्तकात सांगितलेलं वंगणच लावा, कारण कोरड्या आट्यावरचा तोच आकडा स्टडला कमी ताण देतो.

नटावर सरळ सॉकेट बसत नाही, म्हणून टॉर्क पान्याला पुढे जोड लावावा लागतो, आणि इथे हिशोब चुकतो. जोड पान्याच्या सरळ रेषेत असेल तर पान्यावर दिसणारा आकडा कमी ठेवावा लागतो: हवा असलेला टॉर्क गुणिले पान्याची लांबी, भागिले पान्याची आणि जोडाची मिळून लांबी. पाना ३०० मिमीचा, जोड ७५ मिमीचा आणि हवेत ६५ फूट-पौंड, तर पाना ५२ वर लावायचा. जोड पान्याला काटकोनात लावला तर काही बदलावं लागत नाही. जागा असेल तर तसाच लावा. पाना कॅलिब्रेट करून घ्या. तो खर्च एका स्टडपेक्षा मोठा नाही.

नाशिकमधल्या अंबड-सातपूर एमआयडीसीत लेथवर हवं ते बनवून मिळतं, आणि जोड-पाना, टेम्प्लेट, उचलण्याचा स्टँड हे सगळं तिथे जरूर करून घ्या. स्टड, बोल्ट आणि नट मात्र तिथले नकोत. माप जुळलं तरी धातूचा दर्जा आणि त्याची नोंद जुळत नाही.

लॉकवायर ०.०३२ इंची स्टेनलेस, दोन-दोन स्टडच्या जोड्या, इंचाला ६ ते ८ पीळ, आणि तारेची ओढ नट आवळण्याच्या दिशेने. ओझरला एचएएलचा विमान कारखाना असल्याने नाशिकमध्ये आयुष्यभर हे काम केलेली निवृत्त माणसं आहेत. तार कशी वळते हे शिकायचं असेल तर अशा एखाद्या काकांच्या शेजारी अर्धा तास बसा. ते चित्रं पाहून येत नाही.

बसवल्यावर ब्लेडची पातळी तपासा. एका ब्लेडच्या टोकाशी घोडीवर पेन्सिल पक्की बांधा, प्रोपेलर हाताने फिरवा आणि दुसरी टोकं त्याच खुणेवरून किती हटून जातात ते मोजा. फरक १/१६ इंचात, म्हणजे दीड मिमीच्या आसपास असला पाहिजे.

स्पिनर

स्पिनर म्हणजे हबवरचं निमुळतं टोपण: पुढचा डोम आणि मागची बॅकप्लेट. काउंटरवेटच्या प्रोपेलरसोबत साध्या प्रोपेलरचा स्पिनर जसाच्या तसा चालेल असं समजून चालू नका. काउंटरवेट हबजवळ स्पिनरच्या आत असतात, आणि पिच बदलली की ते ब्लेडसोबत फिरतात. फाइनला असताना मोकळे दिसणारे काउंटरवेट कोर्सला गेल्यावर डोमच्या भिंतीला किंवा पुढच्या प्लेटला घासू शकतात. उड्डाणात हे घासणं ऐकू येत नाही. दिसतं ते नंतर, डोमच्या आतल्या चकाकत्या चरीत.

म्हणून प्रोपेलर विमानावर चढवण्याआधी स्टँडवर दोन्ही टोकांची मापं घ्या. ब्लेड फिरवायची तर सगळी एकत्र, मुळाजवळ रबर लावलेले पॅडल धरून. एकाच ब्लेडचं टोक पिळून नव्हे. जोर लागत असेल तर हे काम परवानाधारक प्रोपेलर कार्यशाळेत करून घ्या. फाइन आणि कोर्स, दोन्ही स्थितीत काउंटरवेटच्या सर्वांत बाहेरच्या कोपऱ्याचं हबच्या मध्यापासूनचं अंतर आणि बॅकप्लेटपासूनची उंची लिहून घ्या. मग पुठ्ठ्याचा अर्धा साचा कापून डोमच्या आत धरून बघा. पुस्तकात अंतर दिलं नसेल तर आमच्या मते ६ मिमी मोकळं हवं. कसरतीत डोम थोडा वाकतो.

ब्लेडसाठीची कापणी कागदी साच्यावर करा. ब्लेडच्या मुळाची फाइनमधली आणि कोर्समधली रेघ एकाच कागदावर काढा, दोन्ही मिळून जो आकार होतो त्याच्या बाहेर ३ मिमी सोडा, आणि तेवढंच कापा. आतले कोपरे गोलच हवेत, निदान ६ मिमी त्रिज्येचे. चौकोनी कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. कड ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. ब्लेडमागची उरलेली फट भरायला फिलर प्लेट बसवा आणि ती बॅकप्लेटच्या कडेला रिव्हेट करा. ती न लावल्यास कापणीमुळे डोमची मागची कड सैल राहते आणि फडफडते.

फायबरचा डोम किंवा फिलर घरी करत असाल तर नाशिकची हवा लक्षात घ्या. एप्रिल-मेच्या दुपारी कालवलेलं इपॉक्सी डब्यातच तापून लवकर घट्ट होतं. थोडं थोडं कालवा आणि सकाळी काम उरका. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने वाळलेल्या थरावर मेणासारखा चिकट पापुद्रा येतो. तो पाण्याने धुऊन, घासून काढल्याशिवाय पुढचा थर धरत नाही.

डोम मध्यावर आणणं हे सगळ्यांत चिकाटीचं काम. बॅकप्लेट हबला आधी पक्की करा. हबच्या दोन भागांना धरणारे बोल्ट सैल करायचे नाहीत, पुस्तकात बॅकप्लेट त्याच बोल्टवर बसवायला सांगितली असेल तर गोष्ट वेगळी. डोम चार ठिकाणी टेपने धरा, टोकासमोर एखादा स्थिर काटा ठेवा, प्रोपेलर फिरवा. टोक गोल फिरत असेल तर डोम सरकवा, पुन्हा फिरवा. टोक जागच्या जागी फिरायला लागलं की समोरासमोरची चार भोकं पाडा, क्लेको (तात्पुरते पकडणारे चाप) घाला, पुन्हा तपासा, मगच बाकीची. क्लेको लावून इंजिन कधीही सुरू करायचं नाही. डोम आणि बॅकप्लेटवर जुळवणीची खूण करा. तीन ब्लेडचा डोम तीन प्रकारे बसू शकतो आणि त्यातला एकच बरोबर असतो.

पुढची प्लेट डोमला आतून आधार देते, पण तिच्यावर डोम दाबून बसला तरच. शिम (पातळ चकत्या) इतके घाला की डोम हलका टेकवला असता स्क्रूची भोकं पाव ते अर्ध्या भोकाइतकी अलीकडे राहतील आणि हाताने दाबल्यावर जुळतील. हा दाब नसलेला डोम प्रत्येक फेऱ्यात प्लेटवर आपटतो आणि स्क्रूच्या भोकांपासून तडकायला लागतो.

स्पिनर आणि काउलिंगमध्ये सुमारे ६ मिमी फट ठेवा. सुंदर दिसावं म्हणून ती ३ मिमीवर आणण्याचा मोह होतो, पण इंजिन सुरू-बंद होताना हलतं आणि कसरतीत त्याहून जास्त. इंजिन माउंटची रबरं नवी असतील तर स्पिनर काउलिंगपेक्षा दोन-तीन मिमी वर बसवा. रबरं बसल्यावर तो आपोआप रेषेत येतो.

पहिलं रन

स्पिनर न लावता पहिल्यांदा इंजिन चालवा, म्हणजे ओ-रिंगची गळती दिसेल. (तुमच्या प्रोपेलरचं पुस्तक स्पिनरविना चालवू देतं का, हे आधी वाचा.) डिसेंबर-जानेवारीत निफाड-ओझर पट्ट्यात पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. अशा सकाळी तेल घट्ट असतं आणि प्रोपेलर आळसावलेला वाटतो. तेल गरम होऊ द्या, मग १८०० ते २००० आरपीएमवर नॉब मागे-पुढे तीनदा करा. पहिल्यांदा पाइपमधली हवा निघेपर्यंत प्रतिसाद उशिरा येईल. तिसऱ्यांदा तो लगेच यायला हवा.

पूर्ण थ्रॉटलला आरपीएम २७०० च्या थोडे खाली राहिले तर आधी हे ठरवा की अडवतंय कोण. नॉब अगदी थोडा मागे ओढा. आरपीएम लगेच उतरले तर गव्हर्नर अडवत होता. काहीच झालं नाही तर ब्लेड फाइनच्या स्टॉपवर टेकलेले आहेत, आणि गव्हर्नरचा स्क्रू फिरवून काही मिळणार नाही. गव्हर्नरच असेल तर स्टॉप स्क्रूच्या एका फेऱ्याने साधारण २५ आरपीएम बदलतात. शेवटची जुळवणी उड्डाणानंतरच करा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्यात मे महिन्याची चाळीशी; इंजिनाची ताकद घटते, पण पातळ हवेत प्रोपेलरलाही कमी जोर लागतो, त्यामुळे स्टॉपवरचे आरपीएम फारसे बदलत नाहीत. उन्हाळ्यात टेकऑफ लांबला म्हणून पिच स्टॉपला हात लावू नका.

त्यानंतर डायनॅमिक बॅलन्स, म्हणजे इंजिन चालवून कंपन मोजणं. हार्टझेलच्या पुस्तकानुसार ०.२ आयपीएसपर्यंत (इंच प्रति सेकंद) चालतं, ०.०७ च्या खाली आणता आलं तर उत्तम. १.२ च्या वर असेल तर वजनं लावत बसू नका, प्रोपेलर उतरवून स्टॅटिक बॅलन्सला पाठवा. वजनं बॅकप्लेटला लावायची. एका जागी एएन-९७० वॉशर सहापेक्षा जास्त नकोत.

काय बिघडलंय ते कसं ओळखायचं

आरपीएम चढत नाहीत आणि नॉबचा परिणाम नाही: गव्हर्नर चुकीचा, किंवा क्रँकशाफ्टच्या आतला मागचा प्लग गळतोय. तेल हबपर्यंत पोचलं नाही की काउंटरवेट ब्लेडना कोर्सला धरून ठेवतात.

थंड असताना प्रतिसाद ठीक, गरम झाल्यावर मंद: पातळ झालेलं तेल क्रँकच्या पुढच्या बेअरिंगपाशी निसटतंय. उलट, थंडीतच मंद असेल तर तेल फक्त घट्ट आहे.

आरपीएम झुलत राहतात: आधी केबलचं ढिलेपण आणि घर्षण पाहा. ते ठीक असेल तर गव्हर्नरचा आतला व्हॉल्व्ह अडकतोय.

ब्लेडवर चिकट, दाट रेघ म्हणजे ग्रीस. ती ब्लेडच्या मुळातून येते. बॅकप्लेटमागे काळं पातळ तेल म्हणजे ओ-रिंग किंवा क्रँकशाफ्टचं सील. दोन्हीतलं कोणतं हे कळायला भाग पुसून कोरडा करा, टाल्कम पावडर मारा आणि पाच मिनिटं चालवा. पावडर जिथून ओली होते ती जागा सांगते. हार्टझेलला ग्रीस भरताना समोरचा निप्पल काढल्याशिवाय पंप दाबू नका, नाहीतर सील बाहेर ढकललं जातं.

हवेत आरपीएम अचानक खाली बसले आणि नॉब पुढे करूनही परत आले नाहीत, तर या प्रोपेलरमध्ये त्याचा अर्थ तेलाचा दाब गेला असा धरा. आधी तेलाच्या गेजकडे बघा आणि जवळच्या धावपट्टीकडे वळा. कोर्स पिचवर गो-अराउंडला (लँडिंग सोडून पुन्हा वर जायला) पूर्ण ताकद मिळत नाही, म्हणून पहिलंच लँडिंग साधायचं आहे असं ठरवून या. निगेटिव्ह जी च्या कसरती गव्हर्नर साध्या चढाईत, क्रूझमध्ये आणि उतरताना स्थिर राहतो हे दिसल्यावरच.

पहिल्या उड्डाणानंतर स्पिनर उतरवा आणि डोमच्या आतली भिंत हाताने चाचपा. काउंटरवेटच्या उंचीवर चकाकी असेल तर उड्डाण बंद, साचा पुन्हा. दहा तासांनी स्क्रूची भोकं, फिलर प्लेटचे रिव्हेट, लॉकवायर आणि गव्हर्नर पाइपचा क्लँप पाहा, नवं वजन आणि गुरुत्वमध्य मोजून लॉगबुकात लिहिलंय ना हे तपासा. मार्च-एप्रिलमध्ये विमान उघड्यावर राहणार असेल तर ब्लेडला जाड कव्हर घाला, कारण द्राक्षबागांवर होणारी गारपीट लाकूड-फायबरच्या ब्लेडचा रंगही फोडते, आणि फुटलेल्या रंगातून पावसाळ्यात पाणी आत जातं.